येऊरला पक्षी दिसत नाहीत, त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये यजमानांच्या बदलीमुळे लातूरहून ठाण्यात आलो. घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर घर आहे, खिडकीतून समोर येऊरचा डोंगर दिसतो. मुलगी नऊ वर्षांची. गावाकडे शेतावर पक्षी बघायची सवय होती, म्हणून दोन रविवार येऊरला गेलो. दोन्ही वेळा बुलबुल आणि कावळे सोडून काही दिसलं नाही. दुर्बीण कोणती घ्यावी, कुठे जावं, बिबट्याचं भय किती धरावं, आणि ओळखीचं कोणी नसताना सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. वार चुकला आणि चाल चुकली, एवढंच. रविवारी सकाळी येऊरच्या रस्त्यावर तलावपाळीची, म्हणजे ठाण्यातल्या तलावाकाठची, अख्खी गर्दी चढून आलेली असते. सायकली, पळणारे, खिशातल्या फोनवर गाणी लावून चालणारे काका, वर गावात न्याहारीला निघालेल्या गाड्या. त्या गोंगाटात बुलबुल दिसला हेच नशीब. एखाद्या बुधवारी उजाडताना जा, तोच रस्ता ओळखू येणार नाही.

चालीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं सांगणं तिच्याभोवतीच आहे. तुम्ही माळावरून आलात. माळावर पक्षी आधी दिसतो, आवाज मागून कळतो. चंडोल आभाळात चढताना दिसतो, वेडा राघू तारेवर बसलेला असतो, टिटवी ओरडली तरी ती कुठे उभी आहे हे दोन क्षणांत नजरेला सापडतं. शिवाय माळावर चालत राहिलं की फायदा होतो, पायाखालून तित्तर उडतो. डोंगरातल्या झाडीत हे सगळं उलटं. इथे पक्षी पानांच्या आड असतो, आवाज आधी येतो, आणि आपण चालत राहिलो की आपल्याच पावलांखालचा पाचोळा वाजत राहतो. माळावरची चाल डोंगरात आणली की डोंगर मुका होतो.

मीही हेच केलं होतं. मी ठाण्याचाच, पण तलावाकाठचा, डोंगर मला लांबूनच ठाऊक. १९९७ च्या पावसाळ्यानंतर येऊरला जायला लागलो. दर खेपेला पाटोणापाड्याच्या बाजूला आठ-नऊ किलोमीटर तंगडतोड करायची आणि वहीत लिहायचं: बुलबुल, कोतवाल, कावळा, पुन्हा बुलबुल. डिसेंबरात एकदा पाय मुरगळला. सोबतचे दोघं म्हणाले, तू इथेच बस, आम्ही येतो जाऊन. मी ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसलो, दीड तास, नाइलाजाने. पहिली वीस मिनिटं काहीही नाही. मग पाण्यातल्या दगडावर शेपटी खालीवर करत एक करडा धोबी आला. मग समोरच्या करवंदीच्या जाळीतून निळ्या पाठीचा, नारिंगी छातीचा एवढासा पक्षी बाहेर आला, तो नीलिमा. आणि नंतर एकदम सगळं झाड हलायला लागलं. वर दोन लांब पिसं मागे मिरवत पल्लवपुच्छ कोतवाल, त्याच्याखाली शेपटीचा पंखा उघडझाप करणारा नाचरा, पिवळा सुभग, निखाराची जोडी, खोडावर एक सुतार. दहा मिनिटांत अकरा जाती मोजल्या. आणि जसे आले तसे सगळे निघून गेले. माझे मित्र परत आले तेव्हा त्यांच्या वहीत चार नावं होती.

त्याला मिश्र थवा म्हणतात, आणि हिवाळ्यातल्या आपल्या जंगलाची ही किल्ली आहे. वेगवेगळ्या जातींचे कीटकभक्षी पक्षी एकत्र हिंडतात. एकाने पानं ढवळली की उडालेले किडे दुसऱ्याला मिळतात, आणि शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायला डोळे जास्त असतात. कोतवाल धोक्याची हाक देतो, बाकीचे त्याच्या भरवशावर खातात. नाव उगीच पडलेलं नाही. असा थवा एका भागातून फिरत असतो, मधला सगळा पट्टा रिकामा. तुम्ही चालत राहिलात तर बहुतेक वेळ त्या रिकाम्या पट्ट्यातूनच चालत असता. एका जागी बसलात तर तास-दीड तासात थवा तुमच्याकडे येण्याची शक्यता बरीच.

म्हणून पहिलं काम: एक मोरी निवडा. मोरीच हवी असं नाही, ओढ्याचं एक वळण, एखादा पार, गेटच्या आतला एखादा दगड चालेल. जवळ पाणी असावं, नजरेच्या टप्प्यात एखादा उंबर किंवा वड असावा, एका बाजूला आभाळ मोकळं असावं, आणि तिथवर रुळलेला रस्ता असावा. महिन्यातून दोनदा तिथे जा, वर्षभर. कर्नाळा, माथेरान, तुंगारेश्वर ही सगळी ठिकाणं कुठे पळून जात नाहीत. नवीन गावात आल्यावर माणसं पंचवीस ठिकाणांची यादी करतात आणि दर रविवारी एकेक खोडत जातात. त्यातून फोटो जमतात, ओळख होत नाही.

सलीम अलींचं उदाहरण इथे हटकून आठवतं. १९३० साली ते जर्मनीतून पक्ष्यांचं शिक्षण घेऊन परत आले तेव्हा हाताला नोकरी नव्हती. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून अलिबागजवळ किहीमला घरच्यांच्या बंगल्यात राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तीच बघत बसले. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते, आणि मग नर पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीला लागतो, हे त्यांनी तिथे बसून टिपलं. पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं ते घरापासून हाकेच्या अंतरावरच्या, शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असलेल्या पक्ष्यामुळे.

आता दुर्बीण. ८ × ४२ घ्या, डोळे मिटून. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० × ५० पुढे सरकवेल, "जास्त पॉवर" म्हणेल. जास्त पॉवरमध्ये हाताचा कंपही जास्त दिसतो आणि दिसणारा तुकडा लहान होतो, म्हणजे झाडीत उडी मारणारा सुभग तुम्हाला सापडतच नाही. झूमवाली आणि लाल चकाकणाऱ्या काचांची तर बघूच नका. साधारण आठ ते पंधरा हजारांत कामाची दुर्बीण मिळते. चष्मा असेल तर तो घालूनच दुकानात बघा, डोळ्याकडचे रबरी कप खाली करून पूर्ण गोल दिसतो का ते तपासा. "वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली" असं लिहिलेलं असेल तर दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही, आणि याचं कारण लातूरला कळणार नाही, ठाण्यात कळतं: बुरशी. माझी पहिली दुर्बीण मी जुलैत कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. गणपतीत काढली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. दुरुस्तीवाल्याने हात जोडले. तेव्हापासून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर गरम करून घेतो.

वापरायची युक्ती एकच. पक्षी दिसला की नजर हलवायची नाही, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. नवीन माणूस आधी दुर्बिणीकडे बघतो, मग झाडाकडे, तोवर पक्षी गेला. सोसायटीच्या गच्चीवर कबुतरांवर आठवडाभर सराव करा. मुलीला आधी द्या, तुम्हाला नंतर. पोरांचे डोळे आणि हात आपल्यापेक्षा लवकर जमवून घेतात आणि मग ती आपल्याला दाखवायला लागतात.

ओळखण्यासाठी फोनवर मर्लिन हे अॅप फुकट आहे, आवाज ऐकवला की नाव सुचवतं. मी वापरतो. पण ते सुचवतं, सांगत नाही, हे लक्षात ठेवा. येऊरचा पल्लवपुच्छ कोतवाल पक्का नकलाकार आहे. शिकऱ्याचा आवाज काढतो, हळद्याचा काढतो, आणि अॅप भाबडेपणाने शिकरा, हळद्या अशी नावं दाखवत जातं. पक्षी डोळ्यांनी बघेपर्यंत वहीत लिहू नका. वही मात्र हवीच. त्यात नाव नसलं तरी चालेल. चिमणीएवढा की साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, शेपटीने काय करत होता, कुठल्या झाडावर, किती वाजता, एवढं लिहा. नाव नंतर सापडतं. नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यात तर त्या अभ्यासकांच्याही कामी येतात, पण तो भाग सहा महिन्यांनी.

आवाजांची सुरुवात सोसायटीतल्या पाचांपासून करा. भर दुपारी तांब्यावर हातोडी मारल्यासारखा टुक-टुक-टुक करतो तो तांबट. आकाराच्या मानाने अंगावर येईल इतका मोठा आवाज काढणारा शिंपी. खोल विहिरीतून आल्यासारखं हूप-हूप म्हणतो तो भारद्वाज. तो दिसला की माझी आई हातातलं काम सोडून नमस्कार करायची. डोंगराच्या बाजूने दिवसभर कुटुर्र कुटुर्र चालू असतं तो कुटुर्गा, ऐकतात सगळे, पाहिलेला मात्र शंभरात एकाने. आणि सातभाईंची कचकच, ती तुम्हाला ओळखीची असेलच. हे पाच कानात बसले की झाडीतला सहावा आवाज आपोआप वेगळा ऐकू येतो. तो वेगळा ऐकू येणं म्हणजे निम्मं काम झालं.

आता भाद्रपद आहे, सुरुवातीला याहून चांगला महिना नाही. ओढ्यांना पाणी आहे आणि हिवाळी पाहुणे यायला लागलेत. पहिला करडा धोबी हिमालयाच्या बाजूने याच दिवसांत येतो. दरवर्षी तो माझ्या मोरीवर कोणत्या तारखेला दिसतो ते मी लिहून ठेवतो, आणि घरी त्या दिवशी आमच्या हिच्या भाषेत "तुमचा पाहुणा आला" म्हणून चहाला वेलची पडते. मग ऑक्टोबरचा उकाडा. त्यात उजाडल्यावरचा एक तास सोडला तर बाहेर पडू नका. दिवाळीनंतर डोंगर खरा उघडतो. नीलांग, स्वर्गीय नर्तक, निळ्या डोक्याचा कस्तुर, आणि वर सांगितलेले मिश्र थवे, हे सगळं फेब्रुवारीपर्यंत. माघ-फाल्गुनात काटेसावर, पळस, पांगारा फुलतात. तेव्हा चालायचंच नाही, एका फुललेल्या सावरीखाली बसायचं. पळसमैनांचे थवेच्या थवे येतात, मध्य आशियातले हे पक्षी हिवाळाभर आपल्याकडे असतात आणि चैत्रात परत जातात. सूर्यपक्षी, पर्णपक्षी, हळद्या, अगदी सातभाईसुद्धा तोंडाला परागकण फासून घेतात. उन्हाळ्यात उंबर आणि वड पिकले की तांबट, कुटुर्गे, राखी धनेश आणि हरियाल. हरियाल आपला राज्यपक्षी, हिरव्या पानांत असा मिसळतो की झाडावर चाळीस असले तरी एक दिसत नाही, आणि टाळी वाजवल्यासारखा आवाज करून सगळे उडाले की आपण बावळटासारखे बघत राहतो.

आणि मग पाऊस, ज्यावर आपल्या डोंगराचा खरा हक्क आहे. वैशाखाच्या शेवटी पावशा रात्रंदिवस ओरडतो, ते तुम्हाला लातूरहून ठाऊक आहेच. पहिल्या सरींच्या सुमाराला नवरंग येतो. नऊ रंगांचा, आखूड शेपटीचा, जमिनीवर पानं उलथून किडे खाणारा. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची स्वच्छ शीळ येते. तिबोटी खंड्याही याच दिवसांत येतो, चिमणीहून लहान, जांभळा-नारिंगी-पिवळा, ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बीळ करून अंडी घालतो. कर्नाळ्याचा हा मानकरी आहे. आणि एखाद्या ओढ्यावर कुणी रिकामटेकडा मुलगा सूर विसरत शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तुर.

पण इथे एक कळकळीची विनंती. नवरंग आणि तिबोटी खंड्या ही दोन नावं निघाली की मोठमोठ्या लेन्स घेऊन माणसं धावतात. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात, घरट्यासमोरच्या फांद्या तोडतात. आवाज ऐकून आलेला नर प्रतिस्पर्धी शोधत दमतो, पिल्लांचं खाणं राहून जातं. एका पावसाळ्यात माझ्या मोरीपासून पन्नास पावलांवरचं घरटं असंच चार दिवसांत सुनं झालं. तेव्हापासून मी घरट्याची जागा कुणालाही सांगत नाही, जवळच्या मित्रालाही. तुम्हीही सांगू नका. लोक चिडतात, चिडू द्यावं.

पावसाळ्यात ओढ्यांवर आणि धबधब्यांवर जायला बहुतेक दर वर्षी बंदीचा हुकूम निघतो, तो पाळा. डोंगरावर वर पाऊस झाला की खालच्या ओढ्याला पाच मिनिटांत लोंढा येतो. माळावरच्या माणसाला याचा अंदाज नसतो.

बिबट्याबद्दल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, येऊर ही त्याचीच ठाण्याकडची बाजू. अलीकडच्या कॅमेरा मोजणीत उद्यान आणि लगतच्या परिसरात पन्नासहून जास्त बिबटे भरले आहेत. म्हणजे ते आहेत, तुम्ही गेलात त्या दोन्ही रविवारी होते, आणि त्यांनी तुम्हाला पाहिलंही असेल. २००४ च्या आसपास इथे माणसांवर हल्ले फार वाढले होते. बाहेर पकडलेले बिबटे आणून उद्यानात सोडणं हे त्यामागचं एक कारण होतं, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली. इतक्या वर्षांत मला बिबट्या मोजून तीनदा दिसला, तिन्ही वेळा पाठमोरा. तरी काही गोष्टी मी कटाक्षाने पाळतो. उजाडल्याशिवाय आत जायचं नाही, सूर्य कलला की निघायचं. झुडपाशी वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटू शकतो. म्हणूनच कठडा किंवा उंच दगड बरा. मुलीला पुढे पळू द्यायचं नाही. दिसलाच तर उभं राहायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरकायचं, पळायचं नाही. आणि ताई, आतल्या पायवाटांवर एकट्या जाऊ नका. यात बिबट्यापेक्षा इतर कारणं जास्त आहेत. गेटवर वनखात्याचे कर्मचारी असतात. तिकीट, वेळा, कुठली वाट उघडी आहे, हे त्या त्या वेळी त्यांनाच विचारा, बदलत असतं.

खरं सांगायचं तर मला बिबट्यापेक्षा गोचिडीचा त्रास जास्त झालाय. पाऊस संपून गवत वाळायला लागलं की बारीक गोचिडी चिकटतात, आठवडाभर खाजवत बसायचं. पँट मोज्यात खोचा, गवतात बसू नका, घरी आल्या आल्या गरम पाण्याने अंघोळ. बघितल्याशिवाय फांदीला हात लावू नका, हिरवा चापडा हा विषारी साप अगदी पानासारखाच दिसतो.

डोंगराइतकीच खाडीही तुमच्या जवळ आहे हे इथल्या जुन्या रहिवाशांनाही आठवत नाही. घोडबंदरच्या टोकाला गायमुखापाशी तिवरांच्या कडेने सकाळी उभ्या राहा. बगळे, पाणकावळे, ब्राह्मणी घार, हिवाळ्यात काळ्या टोपीचा खंड्या. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे तर ठाणे खाडीला, ऐरोलीच्या बाजूला जावं लागेल. तिथलं रोहित अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेलं. रोहित साधारण डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत भरपूर असतात. फक्त घड्याळ बघून जाऊ नका, तिथी बघून जा. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुपारचे तेच रात्रीचे, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. खाडीच्या आत पाणी जरा उशिरा पोचतं. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो, पण रोहित लांब गुलाबी रेघ होऊन राहतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते नेरूळच्या पाणथळींकडे उडून जातात. भरती अर्धी चढत असताना पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं, तो तास-दीड तास आपला. बोटीतून गेलात तर कुरवांना गाठ्या-फरसाण टाकू नका, शेजारचे टाकत असले तरी.

ओळखीचं कोणी नाही म्हणालात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, बारा सलीम अलींच्या. त्या आठवड्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत सकाळच्या पुष्कळ फेऱ्या निघतात. बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या फेऱ्या तर वर्षभर असतात. दोन-तीन फेऱ्यांना जा आणि त्यातला जो माणूस कमी बोलतो त्याच्याशी ओळख वाढवा.

दुसरी ओळख बाजारात होते. जूनच्या पहिल्या सरींनंतर जांभळी नाक्याच्या मंडईत डोंगरातल्या बायका शेवळी, कर्टुली, टाकळा, कुरडू, भारंगी घेऊन बसतात. तुम्ही नुकत्याच आल्या होतात, कदाचित बघितलं नसेल. शेवळीसोबत त्या काकडाची हिरवी फळं देतात, ती घातली नाहीत तर शेवळी घशाला खाजते. आता त्याच काकडाच्या झाडावर उन्हाळ्यात पक्षी काय करतात, हे त्या बाईला विचारा. मला कुटुर्ग्याच्या ढोलीची पहिली जागा दाखवली ती येऊरच्या एका वारली मावशींनीच. त्यांना पक्ष्याचं पुस्तकी नाव नको असतं, "तो खोडात बोलतो तो" एवढं पुरतं. आधी दहा झाडं ओळखा. झाड कळलं की त्यावर कोण येणार हे निम्मं कळलेलं असतं.

लांबच्या ठिकाणांबद्दल मी फार बोललो नाही, ते मुद्दामच. एक गोष्ट मात्र सांगतो. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडला नव्हता, नामशेष झाला असं धरून चाललेले. १९९७ च्या नोव्हेंबरात तो सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आणि २०१४ मध्ये तो चक्क तानसाच्या जंगलात निघाला, आपल्या शेजारी, मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या रानात. ती बातमी आली त्या आठवड्यात मीही गाडी काढून तानसाला पळालो होतो. काही दिसलं नाही, अर्थातच.

आता तुमच्या खिडकीबद्दल. चौदावा मजला म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या वरची जागा. घार वरून दिसते, तिच्या पाठीचे रंग दिसतात. आम्हाला त्यासाठी डोंगर चढावा लागतो. संध्याकाळी पाकोळ्या, पोपटांचे घरी परतणारे थवे, आणि सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन तापून हवा वर चढायला लागली की डोंगराच्या कडेने घिरट्या घालणारा सर्पगरुड, त्याची लांबलचक शीळ बंद काचेतूनही येते. गॅलरीत पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला, जास्वंदीची एक कुंडी लावा. दाणे मात्र टाकू नका, त्याने फक्त कबुतरं वाढतात, आणि त्यांची विष्ठा फुप्फुसांना वाईट.

काचेचं एक ध्यानात ठेवा. जूनच्या सुरुवातीला प्रवासात असलेले नवरंग आणि तिबोटी खंड्या रात्री उंच इमारतींच्या काचांवर आपटतात. गॅलरीत पडलेला सापडला तर पाणी पाजू नका, कुरवाळू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून अंधारात ठेवा, दोन-तीन तासांत बरेचदा सावरतो. नाही सावरला तर वनखात्याचा १९२६ लावा.

२०२४ मध्ये येऊरला कारवी फुलली होती, ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. आता २०३२ ला. तुमची मुलगी तेव्हा कॉलेजात असेल, तोवर बदली झाली नाही तर बघेलच. त्याआधी एक काम तिच्याकडे द्या. नोव्हेंबरपासून समोरच्या टॉवरच्या वरच्या कंगोऱ्यांवर रोज सकाळी दुर्बीण फिरवायची. गालावर काळ्या मिश्या असल्यासारखा, छाती काढून बसलेला, कावळ्याएवढा पक्षी दिसला आणि सगळी कबुतरं एकाएकी गायब झाली तर तो बहिरी ससाणा. तारीख, वेळ आणि कितवा मजला, तेवढं मला कळवा. माझ्या मोरीवरून तो दिसत नाही.